आगाऊ पैसे भरलेत, पण बॉक्स आला की पोटात गोळा येतो

(पत्र बरंच मोठं होतं. ओळख पटेल असं सगळं काढून थोडक्यात देतेय.)

घरात चार माणसं, नवरा-बायको दोघंही नोकरी करणारे. हंगामाच्या सुरुवातीला या ताईंनी एका शेतकऱ्याच्या सीएसएमध्ये (कम्युनिटी सपोर्टेड ॲग्रिकल्चर, सभासदांच्या आधारावर चालणारी शेती) पूर्ण शेअर घेतला, म्हणजे अख्ख्या हंगामाचे पैसे आधी भरायचे आणि मग दर आठवड्याला शेतात जे निघेल त्यातला आपला वाटा घ्यायचा. पहिले तीन आठवडे छान गेले. नंतर सलग पाच आठवडे बीट आणि पालेभाज्या. टोमॅटोची सगळं घर वाट बघत होतं, तर दहा दिवस पाऊस लागून राहिला, करपा पडला आणि टोमॅटो आलेच नाहीत. नवरा म्हणतो, पैसे घेऊन माल दिला नाही तर याला फसवणूक नाही तर काय म्हणायचं, दुकानात स्वस्त तरी मिळालं असतं. गुरुवारी नवा बॉक्स येतो म्हणून बुधवारी रात्री, मुलं झोपल्यावर, त्या फ्रिजच्या खालच्या कप्प्यातली काळी पडलेली पानं कचऱ्यात टाकतात, कारण अन्न टाकायचं नसतं हे मुलांना त्यांनीच शिकवलंय. त्यात मध्यंतरी शेतकरी बाजारात गेल्या तर एक स्टॉलवाला घाऊक बाजारातल्या क्रेटमधून टोमॅटो काढून टोपलीत रचताना दिसला. आता कोणावर विश्वास ठेवायचा, योजना सोडली तर शेतकऱ्याला दगा दिल्यासारखं होईल का, आणि लोकल घेण्याचा पर्यावरणाला तरी खरंच काही उपयोग आहे का, हे त्यांचे प्रश्न.

ताई,

तुमचं पत्र दोनदा वाचलं आणि दोन्ही वेळा त्या बुधवारच्या रात्रीपाशीच अडकले. स्वतःच्या घरात चोरासारखं कचऱ्याच्या डब्यापाशी उभं राहायची वेळ यावी इतकं काही तुम्ही केलेलं नाहीये हो. पण मनात अपराधीपणा बसला ना, की माणूस एकतर निमूट सहन करत राहतो नाहीतर एक दिवस तडकाफडकी सोडून देतो, मधलं काही सुचतच नाही. मी दुसरं केलंय म्हणून सांगते. माझ्या सीएसएच्या पहिल्या वर्षी माझ्याकडेही असाच ढीग साचायचा, शेतकऱ्याला मी एका शब्दाने बोलले नाही, उलट भेट झाली की "छान होतं हो सगळं" म्हणायचे, आणि पुढच्या हंगामात गुपचूप गळाले. विचारणा आली त्यालाही उत्तर दिलं नाही. नंतर बऱ्याच काळाने एका दुसऱ्या शेतावर बियाण्याची वही बघायला मिळाली. डाव्या बाजूला सभासदांची नावं, उजव्या बाजूला सभासद किती त्यावरून मांडलेला हिशोब, कोबीचे वाफे किती, गाजराचे किती, बीट किती दिवसांच्या अंतराने किती वेळा पेरायचं. मध्येच एक नाव खोडलेलं होतं आणि त्याच्यासमोरचे सगळे आकडे काट मारून पुन्हा लिहिलेले होते. ते पान बघताना मला माझं ते न दिलेलं उत्तर आठवलं. माझ्या वाटचं बी कोणीतरी आधीच मागवून बसलं असणार.

त्यामुळे दग्याबद्दल विचारताय तर सरळ सांगते, सोडण्यात काही दगा नाही. हंगाम संपताना "पुढच्या वेळी आम्ही नाही" असं वेळेत कळवणारा सभासद शेतकऱ्याला परवडतो. अवघड जातो तो गोड बोलून ऐनवेळी गायब होणारा, माझ्यासारखा.

तुम्ही एक वाक्य लिहिलंय, "जे येईल ते घ्यायचं हे मीच मान्य केलं होतं, आता कुठल्या तोंडाने बोलू?" मला वाटतं तुमची सगळी अडचण या वाक्यात आहे, कारण ते अर्धंच खरं आहे. या पद्धतीची एक मोठी मुळी जपानमध्ये आहे, तिथे तिला तेइकेई म्हणतात, म्हणजे साधारण भागीदारी. तिथली सेंद्रिय शेती संघटना 1971 ला सुरू झाली आणि 1978 मध्ये तेइकेईची दहा तत्त्वं मांडली गेली. त्यातलं तिसरं तत्त्व अगदी तुमच्या वाक्यासारखंच आहे, की शेतात पिकलेला सगळा माल ग्राहकाने घ्यावा. पण त्याच्या आधीचं, दुसरं तत्त्व काय आहे माहितीये? काय पिकवायचं ते शेतकरी आणि ग्राहक दोघांनी आधी मिळून ठरवावं. म्हणजे सगळं घ्यायचं ते आधी बसून ठरवलेलं सगळं! पुढे किमतीबद्दलही तसंच, माल निवडायचे आणि पॅकिंगचे कष्ट वाचले, शिवाय सगळा माल उचलला गेला, हे शेतकऱ्याने धरावं, आणि ताजं, चांगलं, चवीचं खायला मिळतंय हे ग्राहकाने धरावं. गट फार मोठा होऊ देऊ नये असंही एक तत्त्व आहे. पहिल्याच तत्त्वात म्हटलंय की हे नातं नुसतं देण्याघेण्याचं नाही, मैत्रीचं असावं, आणि मैत्रीत "पाच आठवडे बीट खाऊन कंटाळा आला" असं म्हणता आलंच पाहिजे ना.

ही पद्धत जगभर पसरली पण पसरताना तिसरं तत्त्व सगळ्यांच्या लक्षात राहिलं आणि दुसरं बऱ्याच ठिकाणी गळालं असं मला दिसतं. तेव्हा स्वतःला विचारा, हंगामाआधी तुमच्याकडे कोणी विचारणा केली होती का, घरात किती माणसं, आठवड्यात किती वेळा स्वयंपाक होतो, कुठली भाजी अजिबात चालत नाही? विचारलं नसेल तर ती त्यांच्याकडची उणीव आहे आणि ती त्यांना सांगितलीत तर त्यांचंच भलं होईल. विचारलं होतं आणि फॉर्म तसाच मेलमध्ये पडून राहिला असेल, तर पुढच्या वेळी तो भरायचा, झालं.

आता टोमॅटो. तुमच्या मिस्टरांचा राग मला समजतो आणि त्यांचा एक मुद्दा मी पुढे उचलूनही धरणार आहे, पण फसवणूक हा शब्द इथे बसत नाही. ओल आणि गारवा दोन्ही मिळाले की टोमॅटोवरचा करपा थोड्याच दिवसांत उभं पीक काळं करतो, हाच रोग बटाट्यावरही पडतो आणि 1845 पासून आयर्लंडमध्ये बटाट्याचं पीक ज्याने बुडवलं, भयंकर दुष्काळ पडला, तो हाच. शेतकऱ्याने काही केलं नाही म्हणून तो आला असं दरवेळी नसतं. आणि तुम्ही आधी पैसे भरलेत ते टोमॅटोचे नव्हते. शेताचा खर्च आधी येतो, बियाणं, रोपं, खत, मजुरी, आणि पैसा येतो थेट काढणीच्या वेळी, मधल्या महिन्यांत शेतकरी कर्ज काढतो. तुम्ही आधी भरलेल्या पैशाने ती मधली जागा भरून निघते. अमेरिकेत 1986 मध्ये अशी दोन शेतं सुरू झाली, मॅसॅच्युसेट्समध्ये इंडियन लाइन फार्म आणि न्यू हॅम्पशायरमध्ये टेम्पल-विल्टन. त्यातल्या टेम्पल-विल्टनची रीत मला फार आवडते. तिथे शेअरचा ठरलेला भावच नाही. शेताचा वर्षाचा अख्खा खर्च सभासदांपुढे मांडतात आणि जो तो आपल्या ऐपतीप्रमाणे आकडा सांगतो, कोणी जास्त कोणी कमी, पण बेरीज खर्चाइतकी झाली पाहिजे. तिथल्या माणसाला तू किती किलोचे पैसे दिलेस असं विचारलं तर त्या प्रश्नाला अर्थच राहत नाही, त्याने शेत वर्षभर चालावं म्हणून पैसे दिलेत.

पण जोखीम वाटून घेतली म्हणजे हिशोब विचारायचा नाही असं मात्र नाही. करपा पडला हे तुम्हाला कधी कळलं? त्याच आठवड्यात दोन ओळी आल्या, की रिकामा कोपरा बघून तुमचं तुम्हीच ओळखलं? टोमॅटोच्या जागी दुसरं काही लावलं का? पाच आठवडे बीट आलं ते बाकीचं पावसात गेलं आणि जमिनीखालचं वाचलं म्हणून, की मुळातच एकदम जास्त पेरलं गेलं म्हणून? पहिलं असेल तर त्या बीटनेच तुमचा बॉक्स रिकामा येण्यापासून वाचवला. दुसरं असेल तर पुढच्या वर्षी ते टाळता येण्यासारखं आहे. या प्रश्नांची उत्तरं मोकळेपणाने मिळाली तर त्या माणसाबरोबर आणखी एक हंगाम काढायला हरकत नाही, आणि "शेती आहे, असंच असतं" एवढ्यावर बोळवण केली तर मी तरी थांबणार नाही.

मिस्टरांचा जो मुद्दा मला पटतो तो हा, की भाव लावताना टाकलेलं धरलं पाहिजे. बॉक्समधलं एक तृतीयांश कचऱ्यात जात असेल तर खाल्लेल्या भाजीचा भाव दीडपट झाला, आणि असं असताना "पण ती ताजी आहे, लोकल आहे" म्हणून मनाची समजूत घालण्यात अर्थ नाही. दोन आठवडे फ्रिजवर एक कागद लावा आणि जे टाकलं ते फक्त लिहा, कोणाला दोष न देता. बहुतेक तीन-चारच गोष्टी पुन्हा पुन्हा येतील. तो कागद पुढे शेतकऱ्याशी बोलताना फार कामाला येईल.

मग पर्याय कोणते? सगळ्यात सोपा म्हणजे हाफ शेअर किंवा एक आड एक आठवडा, पुष्कळ शेतं हे देतात पण मागितल्याशिवाय सांगत नाहीत. दुसरं, शेअर तसाच ठेवून शेजारच्या किंवा ऑफिसमधल्या एखाद्या घराबरोबर वाटून घ्यायचा, यात मात्र एक धडा मी स्वतः शिकलेय, प्रत्येक बॉक्स अर्धा-अर्धा करत बसू नका, अर्धा कोबी आणि दीड काकडी कोणाच्याच उपयोगाची नसते, एक आठवडा त्यांचा एक तुमचा असं करा. तिसरं, काही शेतांवर ठरलेला बॉक्स न देता टेबलावर माल मांडतात आणि आपल्या वाट्याइतकं आपण निवडून घ्यायचं असतं, किंवा आधी भरलेल्या पैशातून त्यांच्याच स्टॉलवर हवं ते घेता येतं. मुलं खाण्यात नखरे करणारी असतील, कामाच्या वेळा धड नसतील, तर अशा घरांना हे फार सोयीचं पडतं, तुमच्या शेतकऱ्याकडे नसेल तर विचारून तरी बघा. आणि चौथं म्हणजे सीएसए सोडून दर आठवड्याला बाजारात जाऊन हवं तेवढंच घेणं. हेही चांगलंच आहे, त्यात कमीपणा काही नाही, फक्त तेव्हा शेतकऱ्याची जोखीम त्याची एकट्याची राहते आणि पावसाच्या दिवशीही आपण बाजारात जाणार का हे स्वतःला खरं खरं विचारायचं.

हंगाम अर्धा शिल्लक असताना पैसे परत मागावेत का? माझं मत नाही. ते पैसे जमिनीत गेलेत. त्यापेक्षा उरलेल्या आठवड्यांचा शेअर दुसऱ्या कोणाला देता येईल का ते विचारा, वेटिंग लिस्ट असेल तर काम झालंच.

बाजारातल्या त्या क्रेटचं बघूया. तुम्ही जे पाहिलं त्याने फसवल्यासारखं वाटणं साहजिक आहे, आणि ही काही तुमची एकटीची शंका नाही, बाजार चालवणाऱ्यांनाही ती पहिल्यापासून आहे. न्यूयॉर्कमध्ये 1976 ला ग्रीनमार्केट सुरू झालं, तिथे नियमच आहे की स्वतः पिकवलेलंच विकायचं, आणि ते तपासायला लोक शेतावर जातात. कॅलिफोर्नियात 1977 पासून सर्टिफाइड बाजार आहेत, तिथे विकणाऱ्याकडे तो कुठली पिकं घेतो याचा सरकारी दाखला असावा लागतो. म्हणजे असे नियम करावे लागले यातच सगळं आलं. तेव्हा पहिलं काम, तुमचा बाजार चालवणाऱ्यांना विचारा की इथे फक्त पिकवणारेच बसतात की आणून विकणारेही चालतात. दोन्ही चालत असतील तर तो स्टॉलवाला नियमाने चुकीचा नाहीये, फक्त ते लिहिलेलं असायला हवं.

आणि स्टॉलवर गेलात की "हे ऑरगॅनिक आहे का" हा प्रश्न सगळ्यात शेवटी ठेवा, त्याला कोणीही मान डोलावतो. शिवाय बऱ्याच देशांत शेत सेंद्रिय पद्धतीवर नेल्यावर सर्टिफिकेट मिळायला दोन-तीन वर्षं जातात, छोट्यांना त्याचा खर्च आणि कागदपत्रं झेपत नाहीत, आणि सेंद्रिय शेतीतही काही फवारण्या चालतात, त्यामुळे त्या एका शब्दावरून तुम्हाला हवं ते कळत नाही. त्यापेक्षा विचारा, ही कधी काढली? किडीचं काय करता? पुढच्या आठवड्यात काय निघेल? मी एकदा एका बाईंना विचारलं की तुमच्या गाजरांना असे दोन-दोन पाय का फुटलेत, तर त्यांनी हातातलं गाजर उलटं धरून दाखवलं, म्हणाल्या खालच्या बाजूच्या वाफ्यात दगड आहेत, मूळ दगडाला लागलं की फाकतं, वरच्या वाफ्यातली सरळ निघतात पण ती संपली सकाळीच. नखांत माती होती त्यांच्या आणि बोलताना त्या वाफ्याच्या दिशेने हात करत होत्या, जणू तो समोरच आहे. आणून विकणाऱ्याला हे सांगता येत नाही हो. सगळी फळं एका मापाची, हंगाम नसलेलंही सगळं हजर, आणि कुठे पिकलं विचारलं की "इथलंच आहे" एवढंच उत्तर, असं दिसलं तर दुसऱ्या स्टॉलकडे वळा, भांडायची गरज नाही. हां, एखादा शेतकरी शेजाऱ्याचा माल घेऊन येतो आणि तसं सांगतो, त्यात मला काही वावगं दिसत नाही.

पर्यावरणाचं थोडक्यात सांगते, कारण इथे आपण सगळेच जरा जास्त गृहीत धरतो. अमेरिकेतल्या दोन संशोधकांनी, वेबर आणि मॅथ्यूज यांनी, 2008 मध्ये तिथल्या घरांच्या अन्नाचा हिशोब मांडला होता, त्यात हरितगृह वायूंपैकी 83 टक्के अन्न पिकवतानाच होतात आणि उत्पादकाकडून दुकानापर्यंतच्या शेवटच्या वाहतुकीचे फक्त 4 टक्के असं निघालं. थंडीत हीटर लावून जवळच पिकवलेला टोमॅटो लांबून उघड्या शेतातून आलेल्या टोमॅटोपेक्षा जड पडू शकतो. एका जुडीसाठी गाडी काढून शेतावर गेलो तर तेही तसंच. म्हणून "जवळचं म्हणजे पर्यावरणाचं" एवढ्या एकाच कारणासाठी तुम्ही यात असाल तर तो पाया कच्चा आहे, आणि त्याच हिशोबात तुमच्या खालच्या कप्प्यात सडलेली पानं जास्त मोठी बसतात, कारण ती पिकवायला लागलेलं सगळं वाया गेलं. पण ताजेपणा, विचारता येणं, पैसा मधल्या हातांत न जाता पिकवणाऱ्याकडे जाणं, पोरांना भाजी कुठून येते ते दिसणं, ही कारणं पक्की आहेत आणि तेवढ्यासाठी हे करायला मला पुरेसं वाटतं.

राहता राहिला तो खालचा कप्पा. तुमच्या पत्रावरून वाटतं की गुरुवारी बॉक्स येतो तसाच फ्रिजमध्ये जातो, बरोबर? तिथेच निम्मं नुकसान होतं. बॉक्स आला की वीस मिनिटं द्या, मुलांना सोबत बसवा. बीट, गाजर, मुळा यांची पानं ताबडतोब कापून वेगळी करा, देठाचं बोटभर टोक कंदाला राहू द्या, कारण पानं कंदातलं पाणी ओढत राहतात आणि दोन्ही मऊ पडतात. बीटची पानं ही पालेभाजीच आहे, ती आधी संपवायची, कंद मात्र ओलसर कपड्यात किंवा पिशवीत आठवडेच्या आठवडे राहतात, म्हणजे पाच आठवड्यांचं बीट पाच आठवड्यांत संपलंच पाहिजे असं काही नाही. पालेभाजी ओली ठेवू नका, धुतलीत तर पूर्ण निथळून कोरड्या फडक्यात गुंडाळा. टोमॅटो आले कधी तर ते बाहेरच, साधारण 12 अंशांच्या खाली त्यांची चव मरते. सफरचंद आणि पिकलेले टोमॅटो पालेभाजीच्या शेजारी नकोत, त्यांतून निघणाऱ्या इथिलीन वायूने पानं लवकर पिवळी पडतात. आणि जेवणाचं ठरवताना उलटं करा, आधी बॉक्स बघायचा आणि मग ठरवायचं, पहिले दोन दिवस पानांचे, मधले काकडी-शेंगांचे, शेवटचे कंदांचे आणि कोबीचे. एवढं करूनही रविवारपर्यंत जी जुडी उघडली गेली नाही ती सोमवारी सकाळी कोणाला तरी देऊन टाका. बुधवारची वाट बघू नका.

शेतकऱ्याला काय लिहायचं ते सुचत नसेल तर हे घ्या, हवं तसं बदला: "नमस्कार, आम्ही चौघं आहोत, आठवड्यातून चार दिवसच घरी नीट स्वयंपाक होतो. पानांचे दोनपेक्षा जास्त प्रकार आमच्याकडून संपत नाहीत आणि ते टाकताना वाईट वाटतं. उरलेल्या हंगामासाठी हाफ शेअर करता येईल का, किंवा आमचा अर्धा वाटा दुसऱ्या कोणाला देता येईल का? टोमॅटोचं वाईट वाटलं, पुढच्या वर्षी कसं करायचं ठरवताय तेही ऐकायला आवडेल. आणि एखाद्या रविवारी मुलांना घेऊन शेतावर आलो तर चालेल का?"

शेवटचं वाक्य काढू नका, आणि गेलात तर मिस्टरांनाही न्या. काळी पडलेली टोमॅटोची झाडं अजून उपटली नसतील तर ती त्यांना बघू द्या, आणि बाजूला त्याच पावसात उभं राहिलेलं बीटही.